ओठावरची लव

मुलगी बघायला पाहुणे दहाला येणार होते आणि साडेनऊ वाजले तरी भार्गवी पार्लरला जायला तयार नव्हती.

"दोन मिनटाचं काम हाय. धागा फिरवला की झालं," आई कळवळून म्हणाली.

"ओठावरची लव हाय आई. तिनं कुणाचं घोडं मारलंय?"

लातूरला हॉस्टेलवर होती तोवर तीही दर पंधरवड्याला डोळ्यांतून पाणी काढत धागा फिरवून घ्यायची. वर्षापूर्वी तिनं ते सोडून दिलं. ज्याला आपल्यासोबत आयुष्य काढायचंय त्यानं चेहरा आधीच बघून घ्यावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण श्रीनाथशी दोनदा फोनवर बोलणं झालं होतं आणि तो तिला मनापासून आवडला होता. त्यामुळे तोंडानं कितीही ऐट केली तरी आतून ती पुरती घाबरली होती.

पाहुणे चाकूरला वेळेवर पोचले. श्रीनाथ लातूरच्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. इथं मात्र खाली मान घालून पोहे खात राहिला. त्याच्या आईची, तारामतीबाईंची नजर भार्गवीच्या ओठावरून काही हटेना. भार्गवीची आई इंदूताई उगाच पोह्यांचा आग्रह करत राहिल्या.

शेवटी श्रीनाथच्या वडिलांनी, अमृतरावांनी, त्र्याण्णवच्या भूकंपाचा विषय काढला.

"दहा वर्षं झाली बघा. आम्ही सगळे अंगणात, भिंती कधी पडतील नेम न्हाई. अन् ही उजाडायच्या आत परत घरात शिरली. देव घेऊनच बाहेर आली! लई धीराची बाई."

तारामतीबाईंनी कौतुक मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि त्या उठल्या. "पोरीसंगं जरा एकटीनं बोलते."

आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटलं. आता नकार ऐकायचा, असं भार्गवीनं मनाशी धरलं.

"काढली का न्हाईस?"

"काढावी वाटली न्हाई."

 तारामतीबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "देवासाठी नव्हते गेले गं मी. ह्यांचं जुनं ब्लेड देव्हाऱ्यामागं लपवलेलं असायचं. ते काढताना देव हाताला लागले. तीस वर्षं झाली, हे उठायच्या आत मी रोज दाढी करते. त्या दिवशी राहिली होती, अन् उजाडाय लागलं होतं."

त्यांनी भार्गवीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"तू अशीच ये, बाई. तू आलीस की मलाबी सोडता यील."