गवतात गेलेला चेंडू

डॉक्टरांनी सुचवलं म्हणून झरीच्या माळावर माजी सैनिकांचा गोल्फ सुरू झाला होता. सुभेदार बन्सीधरांनी काठी अशी काही हाणली, की चेंडू खड्डा सोडून थेट कमरेएवढ्या गवतात गेला. ते तणतणत त्याच्यामागं धावले. लिंबाखाली बसलेल्या त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, मात्र उठून कडाडून टाळ्या वाजवल्या.

"नेम हुकला माझा, अन् तू टाळ्या वाजवायलीस?" गवतातून सुभेदार ओरडले.

"वाजवायले की! तुमी हुडका निवांत!"

फौजेत जन्मभर जमिनीत पेरलेले सुरुंग काढून घरी आल्यापासून, सहा वर्षांत, त्या माणसानं मळलेली वाट सोडून आज पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं. तेही पळत!