पाहुणे अंघोळीला गेलेत

गाडी यायला बारा मिनिटं होती आणि प्रचारकाने बॅगेची चेन चौथ्यांदा उघडून पुन्हा लावली. बाहेर काही राहिलं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. येशूची वार्ता सांगायला त्याला परदेशी पाठवणाऱ्या मंडळाचा नियम होता, तीन आठवड्यांच्या वर एका घरी मुक्काम करायचा नाही. हे त्याचं तेविसावं घर. आवराआवरीत आता त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

घराची पुढची खोली म्हणजे इस्त्रीचं दुकान. लांब टेबलाशी उभ्या राहून काकू शर्ट दाबत होत्या आणि टेबलाच्या टोकाला बसून काका घड्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या टाचत होते. इतर घरांत प्रार्थना डोळे मिटून, हात जोडून व्हायची. इथे काकू तापलेली इस्त्री फिरवता फिरवता, टक्क उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करत.

"डोळे मिटले तर कुणाचा तरी शर्ट जळायचा," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "देवाला चालतं. गिऱ्हाइकाला चालत नाही."

निरोपाचं वाक्य त्याच्याकडे तयार होतं. 'तुमच्या घरात मला माझं घर सापडलं.' बावीस घरांत ते म्हणून झालं होतं आणि बावीसही वेळा ते खरं होतं, त्यातच सगळी पंचाईत होती. ते ऐकून घरातली बाई डोळे पुसायची, मग तोही पुसायचा, आणि पुढचं गाव येईपर्यंत गाडीत त्याचा गुडघा सारखा हलत राहायचा.

"बसा हो पाहुणे," काका म्हणाले. "फरशी झिजेल तुमच्या येरझारांनी."

तो बसला. गुडघा हलायला लागला. त्याने घड्याळ पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळ.

"जाण्याआधी प्रार्थना करून घेऊ," काकू म्हणाल्या आणि त्यांनी एका शर्टाची बाही टेबलावर पसरली.

त्यांच्या प्रार्थनेची रीत एकवीस दिवसांत त्याला पाठ झाली होती. आधी घरच्यांच्या तक्रारी, मग पाहुण्यांसाठी आशीर्वाद.

"बापा, थोरलीची जीभ जरा आवर, ऑफिसात तिच्याशी कोणी बोलेनासं झालंय. धाकट्याला दाताच्या डॉक्टरकडे तूच ने, माझं काही तो ऐकत नाही. आणि ह्यांना सांग, साखर मी लपवलेली नाही, संपलीय."

काकांनी मान खाली घातली आणि एक चिठ्ठी उलटी टाचली.

यानंतर रोज एकच वाक्य यायचं, 'या पाहुण्यांचं भलं कर, त्यांचा प्रवास सुखाचा होऊ दे.' घरच्यांना देवापुढे बोलणी बसायची आणि त्याच्या वाट्याला शुभेच्छा यायच्या. का कुणास ठाऊक, पण त्या त्याला पहिल्या दिवसापासून टोचत होत्या. त्याने 'आमेन' ओठांवर आणून ठेवलं.

"आणि हा," काकू म्हणाल्या. इस्त्री बाहीवरून मागे फिरली. "हा एक. जगाला तुझं प्रेम सांगत हिंडतो आणि स्वतःच्या आईचा फोन घेत नाही. मोबाइल उचलत नाही, म्हणून ती बिचारी मंडळाकडून नंबर मिळवून दर रविवारी दुकानात फोन करते. हा समोर उभा राहून मला हातवारे करतो, नाही म्हणून सांगा. तीनदा मी तिला सांगितलं, पाहुणे अंघोळीला गेलेत. बापा, एका माणसाने अंघोळी करायच्या तरी किती? मी खोटं बोलले, मला क्षमा कर. याला क्षमा करायची मात्र घाई करू नकोस. येशूच्या नावाने मागते."

प्रचारकाचा गुडघा थांबला. आई फोनवर एकच विचारायची, घरी कधी येतोस? तिला सांगायला त्याच्यापाशी तारीख नव्हती, म्हणून त्याने तिचा आवाज ऐकणंच सोडलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यातही, आपलं अहोजाहो गेलं, आपण या घरात 'हा' झालो, याचा आनंद काही केल्या लपेना.

"आमेन म्हण की," काकू म्हणाल्या. "का तेही मीच म्हणू?"

"आमेन."

बाहेर हॉर्न वाजला. तो उठला, बॅग उचलली आणि सवयीने सुरू झाला, "काकू, तुमच्या घरात मला..."

"ते राहू दे." त्यांनी कपड्यांच्या ढिगाखालून फोन ओढून त्याच्यापुढे सरकवला. "आधी हे."

काका दारापर्यंत गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जरा थांबा. घरचं काम निघालंय."

त्याचा नंबर एकदा चुकला. दुसऱ्यांदा लागला आणि पहिल्याच रिंगला पलीकडून उचलला गेला.

"आई, मी बोलतोय."

नेहमीचा प्रश्न आता येणार, म्हणून त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"झाली का रे अंघोळ?" तिने विचारलं.