रक्ताची सही

ढमालेने फोटो टेबलावर आपटला. फोटो निवृत्त अंतराळवीर रणपिसे यांचा होता आणि त्याखालची सही अजून पुरती वाळलेली नव्हती.

"तपास ताई, आणि खरेपणाचा दाखला दे."

यंत्रं कुणाचीही सही हुबेहूब गिरवू लागल्यापासून अंतराळवीर शाईत स्वतःच्या रक्ताचा थेंब मिसळत. अवकाशातल्या किरणांनी रक्तपेशींवर उमटवलेल्या खुणांची नक्कल होत नसे, म्हणून अशा सह्यांना बाजारात मोठी किंमत येई.

सह्या पारखणाऱ्या केतकीला सूक्ष्मदर्शकाखाली त्या खुणा स्पष्ट दिसल्या. शाई मात्र कुठेच नव्हती. सगळी सही रक्ताचीच होती.

"रणपिसे कुठे आहेत?"

ढमालेने तिचं डोकं टेबलावर आदळलं. "तू रक्त बघ!"

तिच्या नाकातून धार लागली. खरी म्हटलं, तर हे लोक म्हाताऱ्याला शेवटच्या थेंबापर्यंत पिळतील. खोटी म्हटलं, तर सोडून देतील.

"खोटी आहे," ती म्हणाली. "हा माणूस अवकाशात गेलेलाच नाही."

ढमालेने फोन लावला. "बाळ्या, भलताच म्हातारा उचललास रे. तोंड बघितलंय त्याने आपलं. उडव त्याला."

"थांबा! खरी आहे ती!" केतकी किंचाळली.

फोनमधून गोळीचा आवाज आला.

ढमालेने पेन तिच्या हातात कोंबलं.

"लिही दाखला. आणि ही त्याची शेवटची सही आहे, तेही लिही."