मुरबाडचा माल

धसईच्या बाजारात निम्म्या भावाचे चिनी टॉर्च आले आणि मुरबाडचा टॉर्चचा कारखाना बसला. तिथे उभं तारुण्य काढलेली हौसा तेव्हापासून कंदील घेऊन शेतावर जायची, पण चिनी टॉर्च तिने घरात येऊ दिला नाही.

म्हणून कारखाना पुन्हा सुरू होतोय कळल्यावर ती सगळ्यांच्या आधी फाटकाशी हजर झाली. मांडवात पुढाऱ्याने नारळ फोडला, "स्वदेशी जिंकली!" म्हणाला. हौसाने हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या.

आत गेली, तर एकही मशीन नव्हतं. नुसती छताला टेकलेली खोकी. सुपरवायझरने तिच्या हातात ब्लेड, लेबलं आणि डिंकाची बाटली दिली.

"मावशी, टॉर्चवरची चिनी अक्षरं खरवडायची आणि वर हे 'मुरबाडची बनावट' चिकटवायचं."

"आन् टॉर्च कोन बनवनार?"

"ते बनूनच आलेत."

हौसा तरातरा मांडवात परतली. सरबत पीत बसलेल्या पुढाऱ्याच्या पुढ्यात तिने एक टॉर्च आपटला.



"सायेब, ह्याच्यात मुरबाडचा काय हाय ते मी सांगू? डिंक! नुसता डिंक!"