तुझा फोन आलाय!

आमच्या इमारतीत एकेकाळी एकच फोन होता, वरच्या काकूंकडे. कुणाचाही फोन आला की त्या जिन्यातून हाक मारायच्या आणि आम्ही हातातलं टाकून धावायचो. आता फोन प्रत्येकाच्या खिशात आणि काकूंचा फोन बंद पडून वर्षं लोटली.

काल कामावरून दमून आलो, बूट काढतोय तोच वरून हाक आली, "अरे, तुझा फोन आलाय!" वय झालं बिचारीचं, म्हणत पाय ओढत वर गेलो. रिसीव्हर कानाला लावला, उगाच दोनदा "हॅलो, हॅलो" केलं आणि ठेवून दिला.

आधीच गाळून ठेवलेला चहा पुढे करत काकू म्हणाल्या,

"बंद आहे, माहितीये मला. पण नुसतं 'ये' म्हटलं तर येतं का रे कुणी?"