पांढरे, दोन नग

"हा चकचकीत नको. इफराचा हात लागला तर भाजेल," तबस्सुम म्हणाली.

टॉवेल सुकवायचा, भिंतीवर लावलेला हीटर तिने बोटांच्या मागच्या बाजूने चाचपून पाहिला. अंगात नर्सचा गणवेश, वर काळा कोट. शेजारी जुनैद आठ वर्षांच्या इफराचं दप्तर खांद्याला अडकवून उभा होता, इफरा दोघांच्या मध्ये.

सौदीतल्या हफ्र अल बातिन शहरातल्या या हीटरच्या दुकानात पंकज तीन वर्षं सेल्समन होता. डिसेंबर लागला की इथला वारा हाडांत शिरायचा आणि दुकान गजबजायचं. पंकज मिरजेचा. ही माणसं आपसात मराठीत बोलतायत म्हटल्यावर त्याने हिंदी सोडली.

"मग हा पांढरा बघा, ताई. पन्नास डिग्रीला आपोआप थांबतो. भाजत नाही, टॉवेल मात्र सुकतो. बाथरूम किती आहेत?"

"दोन," जुनैद म्हणाला.

"मग एकीकडे हा, दुसरीकडे यातलाच लहान—"

"नको. दोन्हीकडे अगदी एकच," तबस्सुमने त्याला थांबवलं. "इकडे बटण डावीकडे, तिकडे उजवीकडे, असा गोंधळ नको पोरीचा."

"व्हाईट, प्लीज. बोथ ऑफ देम," इफरा म्हणाली.

"आणि खाली लावा," जुनैद म्हणाला. "तिचा हात पोचला पाहिजे. आम्हांला वाकता येतं."

मग रेडिएटरची पाळी आली. पंकजने तेल भरलेला, चाकांवरचा रेडिएटर पुढे ओढला. जुनैद उकिडवा बसला आणि वायर कुठे तापते का ते पाहू लागला.

"आडवा पडला तर बंद होतो ना?"

"होतो."

"करून दाखवा."

पंकजने रेडिएटर चालू करून तिरका केला. दिवा विझला. जुनैदने स्वतः पुन्हा एकदा तसंच करून पाहिलं, मग तबस्सुमकडे वळला. "नाईट ड्यूटी करून आलीस की तू हीटर लावून तशीच झोपतेस. टायमरवालाच घे."

"घेते. पण टायमर लावायला तुम्हीही शिका. लावा बघू."

जुनैदने भलतंच बटण दाबलं. तिने न रागावता बरोबर बटण दाखवलं. दुसऱ्या खेपेला त्याला जमलं.

"सहाला लावायचा," ती म्हणाली. "तिच्या अंघोळीआधी खोली गरम हवी. केस ओले राहिले की हिला शिंका येतात."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे, पण उठत नाही."

तिघंही हसली. पंकजलाही हसू आलं.

चार दिवस त्याच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. मिरजेला किशोरीचं स्थळ ठरत आलं होतं. घरचे राजी होते, मुलगी त्याला आवडली होती. फोनवर तिने एवढंच विचारलं होतं, "तिथे आपलं घर होईल का हो? खरं सांगा." "सांगतो" म्हणून त्याने फोन ठेवला होता. इथे तो सहा जणांत एका खोलीत राहत होता. या परक्या मुलखात, भाड्याच्या भिंतींत, कुणाचं घर होतं का, हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. वडिलांनी आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव म्हणून सांगितलं होतं.

समोर जुनैद त्यांनी निवडलेल्या दोन्ही टायमरवाल्या रेडिएटरांची चाकं तपासत होता. एकाचं चाक जरा अडखळत होतं. "हा तिच्याकडे नको, मी ठेवतो," म्हणून त्याने तो बाजूला सारला. पंकजने तो बदलून दुसरा आणून दिल्यावरही त्याने दोन्हींतला जास्त चांगला तबस्सुमच्या बाजूला ढकलला. तिने त्याच्या खांद्यावर घसरलेला दप्तराचा पट्टा सरळ करायची इफराला खूण केली.

नवरा-बायकोने असं असावं, पंकजला वाटलं. खोलीचा आकार लहान असो, भिंती कुणाच्याही असोत.

तो गोदामातून खोकी आणायच्या निमित्ताने आत गेला. खोक्यांना टेकून त्याने किशोरीला लिहिलं, "होईल. आज डोळ्यांनी पाहिलं. माझा होकार आहे." तिचं उत्तर लगेच आलं. तिने घरी सांगूनसुद्धा टाकलं होतं.

बाहेर येताना त्याचे कान गरम झाले होते. चारही खोकी त्याने काउंटरपाशी नीट रचली.

"फिटर उद्या दुपारच्या असरच्या नमाजानंतर येईल," तो उत्साहाने म्हणाला. "घराचं लोकेशन तेवढं पाठवा या नंबरवर."

जुनैदने पाठवलं. पाठोपाठ तबस्सुमनेही पाठवलं. पंकजने दोन्ही उघडून पाहिली. एक बाजाराच्या मागचं होतं, दुसरं हॉस्पिटलजवळचं.

"ताई, ही दोन वेगळी आलीत. यातलं बरोबर कुठलं?"

"दोन्ही," तबस्सुम म्हणाली. "तलाक झाल्यापासून रविवार ते गुरुवार इफरा माझ्याकडे असते, शुक्रवार-शनिवार यांच्याकडे."