पाय हलवण्याची परवानगी

मानवी शरीर ही निसर्गाची सर्वांत काटकसरी निर्मिती आहे. आत आलेला एकही घास ते वाया जाऊ देत नाही. सुहास टिपणिसांच्या शरीराने तर पन्नाशीपर्यंतचे सगळे घास पोटावर जपून ठेवले होते.

"महिनाभरात वजन उतरलं नाही, तर भात बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टिपणीस हादरले. पोळीला ते जेवण मानतच नसत. "बसल्या बसल्या काही करता येईल का?"

"पाय हलवा. चुळबुळ करणाऱ्यांची ऊर्जा जास्त खर्च होते."

घरी येऊन ते सोफ्यावर बसले आणि जन्मात प्रथमच आईदेखत पाय हलवू लागले.

"पाय काय हलवतोस मेल्या! लक्ष्मी जाते घरातून."

"आई, चरबीही जाते. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांपुढे आईचं काही चालत नसे. मग टिपणिसांनी दुसराही पाय सुरू केला. बातम्या संपेपर्यंत आई सोफ्यासकट हलत राहिली, बायकोने टीपॉयवरचा चहा उचलून हातात धरला. असा विजय त्या घरात कुठल्याच पुरुषाने मिळवला नव्हता.

महिनाभर पाय थांबले नाहीत. एवढ्या व्यायामाने टिपणिसांना सपाटून भूक लागू लागली, आणि आपण आता खर्च करतोच आहोत म्हणून ते रात्री भाताची आणखी एक मूद घेऊ लागले.

महिना संपल्यावर ते ताठ मानेने दवाखान्यातल्या काट्यावर चढले.

त्या रात्री ताटात पोळी होती.